लादलेली सेवा आणि स्वीकारलेली सेवा : संत गाडगे महाराजांच्या कार्याच्या संदर्भात नम्रतेच्या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिंदू अध्यात्मजीवनात नम्रता आणि निष्काम सेवा या दोन मूल्यांना मध्यवर्ती स्थान आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले लक्षण म्हणून 'अमानित्व' येते. संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, या अध्यायावर भाष्य करताना अमानित्वाचे विस्ताराने विवेचन केले. भागवत पुराणातील नवविधा भक्तीत 'दास्य' ही सातवी भक्ती असून समर्थ रामदासांनी दासबोधात तिचे स्वतंत्र निरूपण केले आहे. वारकरी संप्रदायात तर वयाने, ज्ञानाने वा जातीने मोठा असलेला वारकरीही समोरच्याच्या पायावर डोके ठेवतो. नम्रतेचे इतके दैनंदिन व सार्वत्रिक आचरण अन्य संप्रदायांत क्वचितच आढळते.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या समाजाने सेवेला भक्तीचा दर्जा दिला, त्याच समाजाने काही जातींवर सेवा जन्मसिद्ध कर्तव्य म्हणून लादली. संताने स्वतःला 'दास' म्हणवून घेणे आणि बलुतेदाराने गावाचा दास असणे, या दोन्ही गोष्टींसाठी भाषेत शब्द एकच राहिला. मग नम्रता हे मूल्य कोणासाठी मुक्तिदायक ठरले आणि कोणासाठी बंधनकारक? प्रस्तुत निबंधात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या जीवनकार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. परीट या सेवेकरी जातीत जन्मलेल्या या सत्पुरुषाने सेवेचा त्याग केला नाही, परंतु सेवेचा अर्थ मुळापासून बदलला, असे येथील प्रतिपादन आहे.

सेवेचे दोन प्रवाह : शास्त्र आणि गावगाडा

'सेवा' या शब्दाचा प्रवास दोन वेगळ्या वाटांनी झालेला दिसतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची साधने म्हणून प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा यांचा उल्लेख येतो. येथे सेवा करणारा जिज्ञासू आहे, त्याने गुरू निवडला आहे आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मात्र 'परिचर्यात्मक' कर्म हे शूद्राचे स्वभावजन्य कर्म म्हणून सांगितले आहे. पहिल्या संदर्भात सेवा ही साधना आहे, तर दुसऱ्या संदर्भात ती वर्णाने नेमून दिलेले काम आहे. सेवा निवडण्याचे स्वातंत्र्य हा या दोहोंतील निर्णायक फरक होय.

मराठी मुलखातील गावगाड्यात दुसरा प्रवाह बलुतेदारी व वतनाच्या रूपाने स्थिर झाला. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे धुणे हे त्याचे काम आणि सुगीच्या वेळी मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. महार वतनदारांची स्थिती याहून कठीण होती. सरकारी व गावकीच्या कामांसाठी त्यांना केव्हाही बोलावले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजेच सक्तीच्या सेवेची ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही दशकभर कायद्याच्या आधाराने टिकून होती.

भक्तिपरंपरेने हा अंतर्विरोध ओळखला होता. संत चोखामेळा यांच्या वाट्याला विठ्ठलाची भक्ती आली, पण मंदिराचा गाभारा आला नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा मानते. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. संतत्व मान्य होऊनही वेठीचे काम सुटले नाही, हे त्यांच्या मृत्यूच्या कथेतून स्पष्ट होते. पैठणच्या संत एकनाथांनी उच्चवर्णात जन्मूनही स्वतः खाली येण्याची नम्रता आचरली. या दोघांची नम्रता आध्यात्मिक दृष्ट्या समान मानली, तरी सामाजिक दृष्ट्या ती समान नव्हती. एकनाथांना खाली येण्यासाठी एक उंची उपलब्ध होती. चोखोबांना ती उपलब्ध नव्हती.

देबूजी ते गाडगेबाबा

गाडगे महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी व्यसनाधीनतेमुळे अकाली वारले. त्यानंतर आई सखुबाईसह देबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे राहिले. गुरे राखणे व शेतीकाम यांत त्यांचे बालपण गेले. शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. पुढे मामांची जमीन सावकारी कर्जात गेली. व्यसन, कर्ज, निरक्षरता आणि देवाच्या नावाने होणारा खर्च या चार गोष्टींचा परिणाम त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. उत्तरायुष्यातील त्यांच्या कीर्तनांचे विषय हेच होते, ही बाब लक्षणीय आहे.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणे मांस व दारू न देता त्यांनी गोड जेवण दिले, असा प्रसंग चरित्रकार सांगतात. पाहुण्यांना तो रुचला नाही. परंतु सुधारणेचा आरंभ स्वतःच्या जातीत आणि स्वतःच्या अंगणात करण्याची त्यांची वृत्ती या प्रसंगातून दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. याच वर्षी जून महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुणे येथे भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यापूर्वी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन स्थापन केले होते आणि १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी मंडळी स्थापन केली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'सेवा' हा शब्द सार्वजनिक जीवनाचा शब्द बनत होता, हे यावरून लक्षात येते. या सर्व संस्थांचे संस्थापक सुशिक्षित होते. त्यांच्या दृष्टीने सेवा म्हणजे शिक्षितांनी वंचितांकडे जाणे. त्याच काळात अंगावर चिंध्या, हातात मातीचे गाडगे आणि खराटा घेऊन निघालेला वऱ्हाडी देबूजी हा स्वतःच वंचितांपैकी होता. त्याच्याकडे ना संस्था होती, ना वर्गणीदार, ना पदवी. म्हणूनच त्याच्या सेवेचे स्वरूप वेगळे ठरले.

खराट्याचा अर्थ

गाडगे महाराजांची कार्यपद्धती साधी होती. ते अनोळखी माणसासारखे गावात येत आणि थेट झाडलोट सुरू करीत. केलेल्या कामाच्या बदल्यात मिळालेली भाकरी ते आपल्या गाडग्यात घेत. दिवसभर गाव स्वच्छ केल्यावर रात्री कीर्तन होई. त्यात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढून घेत आणि वऱ्हाडी बोलीत कर्ज, दारू, पशुबळी, अस्पृश्यता व मुलांचे शिक्षण यांविषयी बोलत. रस्त्यावरील घाण सकाळी खराट्याने जाई आणि मनातील घाण रात्री कीर्तनाने काढण्याचा प्रयत्न होई, असे त्यांच्या कार्याचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. हे वर्णन यथार्थ असले तरी ते अपुरे आहे.

येथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. उपदेश आधी आणि काम नंतर असा क्रम असता तर ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ते आज्ञा देणारे ठरले असते. काम आधी केल्यामुळे उपदेशाला नैतिक अधिकार प्राप्त झाला. तसेच, परिटाने गावाची मळकी वस्त्रे धुणे हे गावकीच्या दृष्टीने त्याचे नेमलेले काम होते. पण एका अनोळखी माणसाने कोणीही न सांगता सर्वांचा सामाईक रस्ता झाडणे हे कोणाच्याही वतनात बसत नव्हते. ज्या कामाला हुकूम नाही आणि ज्याचा मोबदला ठरलेला नाही, ते बलुते राहत नाही. ते दान होते. हातातील काम तेच, शुद्धीकरणाचे, परंतु करणाऱ्याचे समाजातील स्थान त्यामुळे बदलले. आता ऋणी गाव होते, परीट नव्हे.

या दानाची दुसरी बाजू म्हणजे मानाचा नकार. गाडगे महाराज कोणालाही पाया पडू देत नसत. कोणी तसा प्रयत्न केल्यास ते रागावत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. सामान्यतः सेवेचे रूपांतर कालांतराने महंतपणात होते. ज्याने पाय चेपले, तो पुढे पाय चेपून घेऊ लागतो. सेवेने मिळणारी प्रतिष्ठा नाकारल्याशिवाय सेवा निष्काम राहत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. अमानित्वाचा शास्त्रातील अर्थ निरक्षर गाडगेबाबांनी अशा प्रकारे सार्वजनिक आचरणात आणला.

नाशिक, पंढरपूर आणि धर्मशाळांचा प्रश्न

अंगावर चिंध्या वापरणाऱ्या या पुरुषाने लोकवर्गणीतून मोठ्या वास्तू उभारल्या. १९०८ मध्ये पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला. पुढे नाशिक, पंढरपूर, देहू व आळंदी या तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी निवाऱ्याची सोय झाली. अन्नछत्रे, गोरक्षण संस्था, वसतिगृहे व शाळा यांची त्यात भर पडली.

नाशिक हे गोदावरीकाठचे क्षेत्र आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थाचे ठिकाण. येथे येणाऱ्या यात्रेकरूंची राहण्याची व्यवस्था प्रामुख्याने क्षेत्रोपाध्यायांची घरे, आखाडे व जातीनिहाय धर्मशाळा यांवर अवलंबून असे. ज्याला यांपैकी कोणाचाही आधार नाही, अशा गरीब यात्रेकरूला नदीकाठी उघड्यावर राहावे लागे. गाडगेबाबांच्या धर्मशाळेने या गरजेला उत्तर दिले. मूर्ती वा मंदिर उभारण्यापेक्षा तीर्थाला येणाऱ्या माणसाला निवारा देणे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले. नाशिककरांनी गोदावरीवरील एका पुलाला त्यांचे नाव देऊन ही स्मृती जपली आहे.

तथापि याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दीर्घकाळ चाललेल्या या लढ्याने मंदिराची दारे उघडली नाहीत. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. शतकानुशतकांच्या सेवेने व नम्रतेने जे मिळाले नाही, ते हक्क म्हणून मागितले पाहिजे, हा या घटनांचा अर्थ होता. नम्रतेच्या इतिहासाला विचारलेला हा सर्वांत कठोर प्रश्न होय.

या प्रश्नाच्या प्रकाशात गाडगेबाबांच्या कार्याचीही मर्यादा तपासली पाहिजे. पंढरपूरला त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांमध्ये मराठा धर्मशाळा होती आणि अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळाही होती. कीर्तनातून जातिभेदावर प्रहार करणाऱ्या महाराजांच्या वास्तू मात्र जातींच्या नावाने उभ्या राहिल्या, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात कोठेही आसरा मिळत नसताना त्यांच्यासाठी छप्पर उभारणे ही तातडीची गरज होती, असे याचे समर्थन करता येईल. परंतु छप्पर मिळणे म्हणजे समता मिळणे नव्हे.

पुढील घटना या दृष्टीने अत्यंत बोलकी आहे. १९४९ मध्ये गाडगे महाराजांनी ही चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील हेतू होता. भक्तीच्या मार्गाने जाणारा एक निरक्षर संत आणि धर्मांतराची घोषणा केलेला एक कायदेपंडित यांच्यातील हा विश्वासाचा व्यवहार होता. आपली वास्तू हिंदू धर्म सोडू पाहणाऱ्या नेत्याच्या हाती जात आहे, याची महाराजांना भीती वाटली नाही. सेवेला मालकी नसते, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले. सेवेच्या मार्गाने हक्काच्या मार्गाला वाट करून दिली, असेही या घटनेचे वर्णन करता येईल.

निष्कामतेची किंमत

कोट्यवधींची लोकसंपत्ती उभी करणाऱ्या गाडगेबाबांनी आपल्या कुटुंबीयांना तिच्यापासून कटाक्षाने दूर ठेवले. संस्थांचा कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. वारसाहक्काने गादी चालविण्याची प्रथा सर्वत्र रूढ असताना हा निर्णय असाधारण होता.

परंतु या निष्कामतेची किंमत एकट्या महाराजांनी दिली नाही. गृहत्यागानंतर कुटुंबाचा भार सखुबाई व कुंताबाई यांच्यावर पडला. १९२३ मध्ये मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा महाराज कोकणात कीर्तन करीत होते आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे चरित्रकार नोंदवितात. हा प्रसंग वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या रात्री घरी असलेल्या मातेचाही विचार करणे आवश्यक आहे. तिची सेवा कोणत्याही सूचीत नोंदली गेली नाही. निवडलेल्या सेवेच्या मागे अनेकदा न निवडलेली सेवा उभी असते आणि ती बहुधा स्त्रियांची असते. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या समर्थ लेखकांनी महाराजांची चरित्रे लिहिली. कुंताबाईंच्या जीवनाचा स्वतंत्र अभ्यास होण्याची आवश्यकता आजही आहे.

ओझर : सेवाभावाचे ऐहिक रूप

नाशिक जिल्ह्यात सेवाभावाचे एक वेगळे, धर्मनिरपेक्ष रूपही पाहावयास मिळते. निफाड तालुक्यात मुंबई–आग्रा महामार्गावर बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे विमान कारखान्यामुळे सर्वत्र परिचित आहे. येथील समाज परिवर्तन केंद्राने बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला. ओझर परिसर कालव्याच्या शेवटच्या टोकाला असल्याने तेथील शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. १९९० च्या सुमारास येथे पाणी वापर संस्था स्थापन झाल्या. २००३ मध्ये प्रकल्पस्तरीय संस्थेकडे वाघाडचे व्यवस्थापन आले. २००५ मध्ये राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा संमत झाला, त्यामागे अशा अनुभवांची पार्श्वभूमी होती.

हे कार्य धार्मिक नाही आणि त्याला धार्मिक ठरविण्याचे कारणही नाही. तथापि निबंधातील प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. कालव्याच्या मुखाशी शेत असलेल्याने आपले दार वेळेवर बंद केले, तरच शेवटच्या शेतात पाणी पोहोचते. येथे नम्रता म्हणजे आपल्या वाट्यापलीकडे हात न घालणे. मात्र शेवटच्या शेतकऱ्याने पाण्यासाठी मुखाजवळच्या शेतकऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहावे, असे या व्यवस्थेला अपेक्षित नाही. त्याचा वाटा नियमाने ठरलेला असतो. सेवाभाव आणि हक्क परस्परविरोधी नसून परस्परपूरक असू शकतात, याचा प्रत्यय येथे येतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हिंदू परंपरेत 'सेवा' या एकाच शब्दाखाली साधना म्हणून निवडलेली सेवा आणि जन्माने लादलेली सेवा असे दोन भिन्न व्यवहार नांदत आले. त्यांची गल्लत केल्यास नम्रतेचा गौरव हा सक्तीचा बचाव ठरतो.

२. गाडगे महाराजांनी सेवेकरी जातीत जन्मूनही आज्ञा, मोबदला व मान या तिन्हींना नकार देऊन सेवेला स्वेच्छेचे अधिष्ठान दिले. हे त्यांचे ऐतिहासिक वेगळेपण होय.

३. १९४९ मधील धर्मशाळेचे हस्तांतरण हे सेवामार्ग व हक्कमार्ग यांच्या परस्परविश्वासाचे प्रतीक आहे.

४. निष्काम सेवेच्या इतिहासात तिचा भार वाहणाऱ्या कुटुंबीयांची, विशेषतः स्त्रियांची, नोंद होणे अगत्याचे आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीनजीक वलगावजवळ गाडगे महाराजांनी देह ठेवला. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राबविले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. या अभियानामुळे अनेक गावांतील लोकांनी हाती खराटा घेतला. मात्र हाताने मैला साफ करण्याची प्रथा थांबविण्यासाठी देशाला १९९३ मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला, ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही. वर्षातून एक दिवस खराटा हाती घेणारे आणि वर्षभर तो हाती ठेवावा लागणारे यांच्यातील अंतर जोपर्यंत कायम आहे, तोपर्यंत गाडगेबाबांची नम्रता समाजाने केवळ वंदनीय मानली, आचरणात आणली नाही, असेच म्हणावे लागेल.